उरलेली टिकली

माझ्या सासूबाई, पुतळाबाई, खोटं बोलत नाहीत. त्या फक्त लपवतात. छातीची गाठ काढल्यावर, ती परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली होती. रविवारी मी रव्याचा डबा उघडला, तर आत एकवीस गोळ्या! माझं डोकंच फिरलं.

"हे काय, आई?"

"डॉक्टर बोलला, गोळी बायकांचं हार्मोन बनायचं बंद करते. माजी पिशवी, अंडाशय, सगलं वीस वर्षांमागं काढलं. दुकानच नाय, तं कुलूप कोनाला लावू?"

मी माणिकपूरच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मला गप्प बसवणं सोपं नाही. "मोठं दुकान गेलं. पण ते हार्मोन बनवणारं एन्झाइम, अरोमाटेज, अंगभर फेरीवाल्यांसारखं बसलेलं असतं. त्याला उठवायला गोळी."

त्यांना पटेना. तेवढ्यात सासरे, काशीराम, केळीच्या वाडीतून आले आणि खांद्यावर टॉवेल टाकून उघडेबंब ओटीवर बसले. मी टिकल्यांचं पाकीट आणलं.

"बाबा, हलू नका. जिथं टिकली, तिथं फेरीवाला." दंडावर एक, स्नायूंची. गुडघ्यावर एक, हाडांची. टकलावर मेंदूची. पाठीवर कातडीची. पोटावर मात्र चार, कारण चरबीत ते बरंच असतं.

"बाईमानसाचं मना कशाला चिकटवते?"

"पुरुषांतही असतं, बाबा. तुमच्या पोटात तर जत्रा भरलीय."

एका हाताने केळीचा घड उचलण्याची बढाई मारणाऱ्या बाबांनी गुपचूप पोट आत ओढलं.

पाकिटात एकच टिकली उरली. "ही कुठं?" सासूबाईंनी विचारलं. मी पंख्याकडे बघितलं. बाबांनी घाईघाईने मांडीवर टॉवेल ओढला. सासूबाई हसल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हंजे माज्यात अजून हाय?" त्या हळूच म्हणाल्या. "मना वाटलं, सगलंच काढून नेलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "आहे, आई. पण तेच गाठीला खाऊ घालतं."

"हाय ना? मंग नेलं ते त्यांनी नेलं. हे मी माज्या हातानं बंद करते." त्यांनी पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

बाबांनी दिसतील तेवढ्या टिकल्या उपटल्या, सदरा चढवला, स्कूटरला केळी बांधली आणि माणिकपूरला निघाले. टकलावरची लाल टिकली उन्हात चमकत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझा हात दाबला.

"ऱ्हाऊ दे. माजं बाईपन जरा फिरू दे गावभर."