निळ्या कंपनीचा माणूस

"ते सगळं राहू द्या हो. मला एकच सांगा, या दोघींत मोठी कोण?" मास्तरांनी दोन कंपन्यांचे दोन फोन काउंटरवर शेजारीशेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण परीक्षा घ्यायची सवय काही सुटली नव्हती.

"मास्तर, फोन घ्यायचाय की सोयरीक जुळवायचीय?" कंपनीनं विचारलं.

"सोयरीकच समजा. उद्या घराणं बुडालं तर माझ्या फोनला विचारणार कोण?"

'कंपनी' हे काही त्या माणसाचं नाव नव्हे. पण दुकानात, घरात, गल्लीत सगळे त्याला तेच म्हणत, कारण या गृहस्थाला "आमची कंपनी" म्हटल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नसे. दुकानात शिरलं की डावीकडे निळ्या कंपनीचा काउंटर आणि उजवीकडे पांढऱ्या कंपनीचा. अख्ख्या जगात एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन अवाढव्य कंपन्या, आणि इथं त्यांच्यामध्ये जेमतेम चार पावलांची फरशी. डावीकडे निळा शर्ट घालून हा उभा असे. बसायला जागाच नव्हती.

"खोटं कशाला बोलू, मास्तर? आजच्या घडीला शेअर बाजारात पांढरीची किंमत जास्त आहे. अंधारात फोटोही तिचेच बरे येतात. पण तिचा सगळा संसार एका फोनवर चाललाय. फोन खपला नाही की तिला घाम फुटतो. आमची कंपनी फोन करते, घड्याळं करते, बँकांची यंत्रं सांभाळते, दवाखान्यांची सांभाळते. एक चूल विझली तर दुसरी पेटलेली. दहा वर्षांनी पुढं कोण असेल ते आजच लिहून ठेवा."

"हेच समोर जाऊन विचारू?"

"विचारा की! बाई खरं तेच सांगतील. आणि मग परत माझ्याकडेच याल."

मास्तर खरंच जाऊन विचारून आले आणि निळाच फोन घेतला. त्यांच्या बायकोची बोटं थरथरत होती, एक अक्षर उमटवायला जावं तर तीन उमटत. त्या ओशाळून फोन परत ठेवायला लागल्या, तेव्हा कंपनीनं तो अलगद त्यांच्याच हातात दिला.

"घाई नको, काकू. फोन कुठं पळून जात नाही."

हे वाक्य त्याच्या वडिलांचं. लहानपणी त्याला सायकल शिकवताना वडील सीट धरून मागं धावायचे आणि म्हणायचे, "घाई नको. रस्ता कुठं पळून जात नाही." वडील गेले, सायकल भंगारात गेली, वाक्य तेवढं राहिलं. आता तो धाकट्या लेकीला सायकल शिकवत होता आणि तिलाही तेच ऐकवत होता. लेक तर ते ऐकल्याशिवाय पॅडलवर पायच ठेवत नसे.

समोरच्या काउंटरवरच्या बाई आणि हा, दोघांचा एक जुना खेळ होता. सकाळी दुकान उघडलं की भिंतीवरच्या टीव्हीवर रात्रीच्या परदेशी शेअर बाजाराच्या बातम्या लागत. ज्याची कंपनी मागं पडलेली असेल त्यानं दोन्ही काउंटरच्या काचा पुसायच्या. गेले कित्येक महिने फडकं कंपनीच्याच हातात होतं.

"काय कंपनी, फडकं सापडलं का?" बाई रोज विचारत.

"हसा, हसा. घरोघरी मातीच्या चुली. तुमचाही दिवस येईल."

"हरलेल्या माणसानं एवढं चकचकीत पुसू नये हो. लोकांना वाटेल, हौसेनं करताय."

तो हौसेनंच करत होता, हे बाईंना ठाऊक होतं.

हल्ली त्याच्या कॉलरला एक बारीकसा माइक अडकवलेला असे; मास्तर आले त्या दिवशीही होता. तो साहेबांनी लावलेला. साहेब म्हणजे निळ्या कंपनीचा या भागाचा अधिकारी, वयानं कोवळा आणि बोलायला साखर. "काका, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं दुसरा नाही," साहेब म्हणाले होते. "तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता ना, ते सगळं यात येऊ दे. नव्या लोकांना शिकवायला लागेल. पुढं शिकवण्याचं सगळं काम तुमच्याकडंच द्यायचं चाललंय वरती. किती वर्षं उभं राहणार? खुर्चीत बसा आता."

खुर्ची! माणूस हुरळायला आणखी काय लागतं? उभं राहून राहून त्याच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. रोज संध्याकाळी बायको "आली कंपनी!" म्हणत गरम पाण्याची बादली पुढ्यात ठेवी आणि तो पाय बुडवून बसे. खुर्चीची बातमी ऐकल्यावर तिनं ती माहेरी कळवली, शेजारी कळवली, इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगून टाकली.

बाई मात्र हुरळल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या साहेबानंही असलंच काहीतरी आणलं होतं. मी म्हटलं, आधी लेखी द्या, मी बोलणार त्याचं पुढं काय करणार ते. पुन्हा फिरकला नाही. तुम्ही जरा जपून. एवढं गोड मला पचत नाही."

"मिरच्या झोंबल्या तुम्हाला," कंपनी म्हणाला. "आमची कंपनी तुमच्यासारखी नाही. आमच्यात माणसाची किंमत आहे."

बाईंचा चेहरा उतरला. आपण लागेल असं बोललो, हे त्याला तेव्हाच कळलं. पण माघार घेईल तो कंपनी कसला! त्यानं मुकाट्यानं काचा पुसल्या आणि माइकमध्ये बोलत राहिला. हातचं काहीही राखलं नाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं हसवायचं, सासऱ्याच्या फोनसाठी आलेल्या कंजूष जावयाला कसं गाठायचं, पांढरीचं कौतुक करूनही माणूस निळीकडं कसा वळवायचा, सगळं ओतलं.

आणि एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. रातोरात निळी पांढरीच्या पुढं!

"बाई! फडकं!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की दारातलं गिऱ्हाईक दचकलं. बाई फडकं घेऊन निघाल्याही. पण चालता चालता त्या टीव्हीपुढं थांबल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "आधी हे ऐका," त्या हळूच म्हणाल्या.

निळी का वधारली ते बातमीदारीण हसतहसत सांगत होती. आता प्रत्येक दुकानात बोलका पडदा बसणार होता. माणसं लागणार नव्हती. खर्च वाचणार होता. बाजार बेहद्द खूश होता.

बातमी संपेतो साहेब पोचलेही. बरोबर दोन कामगार आणि पुरुषभर उंचीचा पडदा. कंपनी ज्या फरशीवर उभा राहायचा, नेमका तिथंच तो उभा केला. ती फरशी झिजून इतरांपेक्षा फिकी पडली होती, त्यामुळं जागा शोधावी लागली नाही.

तेवढ्यात मास्तर आणि काकू फोनला कव्हर घ्यायला आले. मास्तरांनी सवयीप्रमाणं पडद्यालाच परीक्षेला बसवलं. "काय हो, दोघींत मोठी कोण?"

"खोटं कशाला बोलू, काका?" पडद्यातून एक गोड बायकी आवाज आला. "एक चूल विझली तर दुसरी पेटलेली, असं आमच्या कंपनीचं आहे."

मास्तर खूश! काकूंनी भीतभीत पडद्याला बोट लावलं, ते चुकलं, त्यांनी हात मागं घेतला.

"घाई नको, काकू," पडदा म्हणाला. "फोन कुठं पळून जात नाही."

"अगंबाई! अगदी यांच्यासारखंच बोलतंय की!" काकू टाळी वाजवून हसल्या.

 आपल्या घरात शिरून कुणीतरी वडिलांना उचलून नेलंय आणि चौकात उभं करून नाचवतंय, असं कंपनीला वाटलं. मास्तर पैसे भरायला गेल्यावर तो साहेबांपाशी गेला.

"साहेब, ते शिकवायचं काम?"

"हेच तर ते, काका! शिकवून झालं की. फार सुंदर शिकवलंत."

"मग मी?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "तुम्ही तसे कंपनीचे नाहीच ना. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचे. त्यांच्याशी बोला. आणि हो, शर्ट तेवढा ठेवून जा. त्यावर आमचं नाव आहे."

गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण जुनीच. पण इथं आधी वैद्याकडून औषधाची कृती काढून घेतली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"बरं," तो म्हणाला. "फक्त ते एक वाक्य काढा. घाई नको वालं. ते माझ्या वडिलांचं आहे."

"काय सांगता!" साहेब मनापासून हसले. "अहो, तेच तर वरती सगळ्यात आवडलंय. सगळ्या दुकानांत तेच लावतोय आपण."

मागच्या सामानाच्या खोलीत त्यानं शर्ट काढला, घडी घातली आणि बनियनवर खोक्यावर बसून राहिला. दार लोटून बाई आत आल्या. हातात पांढऱ्या कंपनीचा, गिऱ्हाइकांना फुकट वाटायचा शर्ट होता. त्यांनी तो उलटा केला.

"घाला. नाव आतल्या बाजूला गेलंय."

"बाई, तुम्ही सांगत होतात. मी तुम्हाला काय वाटेल ते बोललो."

"बोललात. आणि वर माझी काचही पुसलीत. घाला आता, असे बनियनवर कुठं जाणार?"

त्यानं शर्ट घातला. बाहेर आला तेव्हा बाई निळ्या काउंटरची काच पुसत होत्या. आज पाळी त्यांची होती. त्यांनी वर पाहिलं नाही, डोळे भरले होते.

"आली कंपनी!" घरात पाऊल टाकताच आतून हाक आली. घाईघाईनं पाणी तापवून बायको बादली घेऊन बाहेर आली. "आज लवकर कसे? अगंबाई, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

"माहितेय."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

"फसवलं गं मला," तो म्हणाला. "गोड बोलून काढून घेतलं सगळं, आणि हाकललं."

 तिनं हात धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि पाय पाण्यात ठेवले.  पाणी निवत आलं तेव्हा दारात सायकलची घंटी वाजली.

"बाबा, चला ना! कबूल केलं होतं तुम्ही."

तो ओल्या पायानंच उठला. गल्लीत लेक सायकलवर चढली, त्यानं मागून सीट धरली. हँडल डगमगत होतं. तिनं पॅडलवर पाय ठेवला नाही.

"म्हणा ना, बाबा."

त्यानं तोंड उघडलं. कानात तो गोड बायकी आवाज वाजला. त्यानं तोंड मिटलं.

"म्हणा ना ते!"

"चल," तो एवढंच म्हणाला. तिनं वळून पाहिलं, थोडी थांबली, आणि मग पॅडल मारलं. उलट्या शर्टाच्या शिवणी बाहेर, असा तो सीट घट्ट धरून तिच्यामागं धावत राहिला.