फेस्टसची मान

आख्ख्या दलदलीत, तिथल्याच मातीतनं कापून वाळत घातलेल्या आमच्याच जळणाच्या विटा आडव्या पडून होत्या. बाकीच्यांच्या केव्हाच उचलून, एकमेकींना टेकवून वाऱ्याला उभ्या केलेल्या. आयर्लंडातल्या आमच्या मेयोत सलग चार दिवस कोरडं पडणं म्हणजे चंगळ, आणि ती संपत आली होती. विटा भिजल्या की हिवाळाभर चूल थंड. दरसाल सगळे मिळून एकमेकांचं उरकतात. यंदा आमच्याकडं कुत्रं फिरकलं नाही.

का, तर म्हणे माझा नवरा फेस्टस माजला.

इथं रस्त्यानं गाडी गेली की चालवणारा स्टिअरिंगवरनं बोट उचलतो, चालणाऱ्यानं बघून हात करायचा. तेवढं चुकलं तर माणूस मनातून उतरला. फेस्टसची मान वर्षभर उजवीकडं ओढली जात होती. गाडी आली की याचं तोंड कुंपणात. लोक म्हणाले, मान फिरवतो.

हाडं बसवणाऱ्यानं दोनदा फडकं पिळावं तशी मान पिळली. आठवडाभर घास गिळवेना. गावचा डॉक्टर म्हणाला, काळजी सोड. शेवटी गॉलवे शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हाड धड आहे. मेंदूच मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम सोडतो, डिस्टोनिया म्हणतात. ताठ स्नायूंत इंजेक्शनं दिली, पंधरवड्यात मान सैलावली. पण औषध तीनेक महिन्यांत उतरतं, पुन्हा टोचावं लागतं. ते उतरलेलं, पुढची तारीख लांब, आणि आभाळ भरून आलेलं.

त्यात एक भानगड. हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की त्याची मान सरळ व्हायची. बाई म्हणाल्या, ही या आजाराचीच खूण. गाव म्हणालं, सोंग.

शेवटी आम्ही दोघंच गेलो. फेस्टसचा एक हात हनुवटीला, एका हातानं विटा उचलणं. शेजारच्या तुकड्यातला जार्लाथ फावड्यावर रेलून बघत होता.

"बोट लावलं की सरळ हुतीया. म्हंजी मनात आणलं तर जमतंय की."

माझं टाळकं सटकलं. "तू मनात आणून टकलावर केस उगवून दाव."

फेस्टसनं मला गप्प केलं. "जार्लाथ, हिकडं ये. मानंवर हात ठेव."

तो आला, नाइलाजानं हात ठेवला. फेस्टसनं बोट काढलं. मान निघाली, दावं ताणणाऱ्या वासरासारखी. जार्लाथच्या पंजाखाली स्नायू दोरखंडागत फुगला.

"आरं, थांबीव की."

"तूच थांबीव."

जार्लाथनं दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. फेस्टसच्या तोंडून कण्हणं निघालं तसे त्यानं हात सोडले. पँटीला पुसत राहिला.

"लई दुकतंय?"

"लई."

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

वर्षभर दारोदार तेच सांगत होते मी. चर्चच्या पायरीवर सांगितलं, दुकानात सांगितलं. आता जिभेवर आलं ते छापण्याजोगं नव्हतं. पण फेस्टस आधी बोलला. तोंड डोंगराकडं वळलेलं, आवाज मात्र जार्लाथवर.

"मान माजी बिगडलीया. तुजी पाठ धड हाय नव्हं? मंग वाक, उचल विटा."

जार्लाथ वाकला.