पोळ्याचं सारवण

डॉक्टरांनी फवारणीसाठी वरचा टोला निवडला आणि रुख्माचा खालचा टोला तसाच ठेवला. एकाच तलावाच्या पाळीवरचे हे दोन टोले, म्हणजे दोन लहान गावं. एका गावात घरांच्या भिंतींवर डासाचं औषध मारायचं, दुसऱ्यात काहीच करायचं नाही, मग दोन्हीकडच्या पोरांच्या बोटाला टोचून रक्त तपासायचं आणि हिवताप कुठे कमी झाला ते ताडून पाहायचं.

"मंग आमचंच गाव कायले वगळलं, साहेब?" रुख्माने विचारलं. मागल्या साली तिचा गोवर्धन याच तापाने गेला होता. आता एकटी वच्छला उरली होती.

"बाई, एक गाव तसंच ठेवलं नाही तर औषधाचा गुण कळणार कसा?" डॉक्टर समजुतीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण कोणाच्या समजुतीने पोराचा ताप उतरल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

रुख्माने आपलं डोकं चालवलं. भाताची रोवणी आटोपताच पोरीला कडेवर घेतलं आणि वरच्या टोल्यात, सख्ख्या बहिणीकडे, धुरपताकडे नेऊन ठेवलं. धुरपताच्या भिंतींवर औषधाचे पांढरे डाग दिसले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पोळ्याला ती लेकीला भेटायला गेली, तर धुरपता शेणमाती कालवत होती. सणाच्या तोंडावर डागाळलेल्या भिंती कोणती बाई तशाच ठेवील?

"वास बी येऊन रायला न त्या औषधाचा," धुरपता म्हणाली.

बहिणीच्या घरी हातावर हात ठेवून कसं बसायचं, म्हणून रुख्मानेही पदर खोचला. माहेरच्या गप्पा मारत दोघींनी कोपरान् कोपरा सारवून काढला. त्या दिवशी साऱ्या टोल्यातच सारवण चाललं होतं.

पितृपक्षात वच्छलाला हुडहुडी भरली. दसरा काही तिने पाहिला नाही.

डॉक्टर रक्त तपासायला आले तेव्हा वरच्या टोल्यातली निम्मी पोरं तापाने फणफणत होती. त्यांनी धुरपताची भिंत नखाने खरवडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी सारवलं? औषध सगळं मातीखाली गेलं! भिंतींना हात लावू नका, म्हणून चावडीत बजावून सांगितलं होतं!"

"चावडीत बाया जातेत का?" धुरपता उसळली. "अन् माणसं कधी भिती सारवतेत?"

डॉक्टरांनी नखातली माती झटकली. लेकीच्या दुखण्यापासून बहिणीकडेच राहिलेल्या रुख्माला स्वतःच्या हातांची किळस आली. तिने ते पदराखाली लपवले.

"गेली ती मुलगी याच घरातली ना?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"खालच्या टोल्याची," रुख्मा म्हणाली. "माही."

डॉक्टर घुटमळले. "मग... तिला मोजणीत घेता येणार नाही, बाई. गाव तिकडचं, राहणं इकडचं. दोन्हीकडून वगळावी लागेल."

"वगळा," रुख्मा म्हणाली. "गाव वगळलं, आता पोरगी बी वगळा. माह्याकडं मोजाले तेवढी एकच होती."