आत्यासाठी केस

हालोतीनं फावड्यानं भट्टीवरची माती बाजूला ओढली, तशी वाफ भसकन तोंडावर आली. डोळे पुसायला त्याला निमित्तच हवं होतं. पहाटेपासून तो त्या जमिनीतल्या भट्टीशी राबत होता. अंगाला बहिणीच्या सुतकाची चटई गुंडाळलेली, पार काखेपर्यंत चढलेली, कडा फाटून लोंबणाऱ्या. त्यांच्या बेटावरच्या रीतीनं बहीण भावापेक्षा वरची. म्हणून तिच्या मयताला भावानं आणि भावाच्या लेकरांनी मागच्या दारी राहायचं, धुरात खपायचं, फाटक्यात फाटकी चटई नेसायची आणि माती देऊन झाली की केस कापून द्यायचे. हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

सांगायची वेळ आलीच तर एकालाच सांगावं लागणार होतं, आणि तो अजून विमानतळावरून यायचा होता.

"पेनी येतोय ना नक्की?" रताळी टोपलीत टाकता टाकता शेजारच्या मानूनं विचारलं.

"येणार तर! आत्या आहे त्याची."

"येईल हो. पण मागच्या दारी येईल का? पाद्रीबाबांनी पुढं त्याच्यासाठी खुर्ची मांडलीय. गादीची!"

"माझा पोरगा नाही बसायचा खुर्चीवर."

"ते खरंय. टीव्हीवर बघितलं की मी. मॅच जिंकली, सगळे नाचतायत, आणि हा आपला झाडू घेऊन खोली झाडतोय. सिडनीतला एवढा मोठा खेळाडू, पण गर्व म्हणून नाही."

"झाडतो बाबा, झाडतो," पलीकडून एक म्हातारा डुकराची तंगडी ओढत म्हणाला. "पण झाडताना कॅमेरा कशाला लागतो? माझी बायको जन्मभर झाडतेय, मेल्या एकानं फोटो काढला नाही तिचा!"

सगळे हसले. हालोतीही हसला, पण ते बोलणं त्याला झोंबलं. तो पुन्हा माती ओढायला लागला.

पेनीची आई बाळंतपणातच गेली. त्याचं पेनीसीमानी हे नाव आत्यानंच ठेवलं होतं आणि वाढवलाही तिनंच. लेसिएली कडक बाई. एकदा खेळता खेळता पेनीनं बापाच्या डोक्याला हात लावला, तर तिनं पोराच्या हातावर असा फटका ओढला की शेजारच्या अंगणात ऐकू गेला. "बापाचं डोकं आहे ते! त्याला लेकरानं हात लावायचा नसतो, कळलं?" मग तासभर त्याला मांडीवर घेऊन तीच रडत बसली होती.

गेल्या आठवड्यात तिनं हालोतीला बोलावून घेतलं. भावानं बहिणीच्या खोलीत शिरायचं नाही, म्हणून तो उंबऱ्याबाहेर पाठमोरा बसला.

"हालोती, पेनीकडं केस मागू नका."

"का म्हणून? देईल तो. तुझ्या हाताखालचा आहे."

"ते केस आता त्याचे कुठं राहिलेत? शाम्पूवाल्यांचे झालेत. जाहिरातीत बघतोस ना, कसे उडवतो ते. नाही म्हणेल तो. माझ्या मयताला, चार लोकांत, त्याला नाही म्हणायची पाळी आणू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, लेसिएलीनंच नको म्हटलंय."

"आक्का, तो देईल. बघशील तू."

"मी कुठली बघतेय रे आता!" असं म्हणून ती हसली होती.

हालोतीनं तो शब्द ठेवून घेतला होता, पण तो वापरायचा नव्हता. आपलं म्हणणं खरं व्हावं, आक्काचं खोटं ठरावं, एवढंच त्याला देवाकडं मागायचं होतं. पहाटेपासून तो तेवढंच मागत होता.

गाडी आली तसं सगळं गाव रस्त्यावर गेलं. पेनी उतरला. भला उंच, खांद्यावर काळेभोर कुरळे केस. पाद्रीबाबा खुर्चीकडं हात करत पुढं झाले. पेनीनं वाकून त्यांचा हात हातात घेतला, मान हलवली आणि खुर्चीला वळसा घालून तडक मागच्या दारी आला. हालोतीचा ऊर भरून आला. त्यानं मानूकडं असं बघितलं, की मानूनं कान पकडले.

"बाबा, मला चटई द्या."

हालोतीनं सगळ्यात फाटकी चटई त्याच्यासाठीच वेगळी काढून ठेवली होती. पेनीनं ती गुंडाळली, दोरी आवळली. त्याच्या मागं कॅमेरा घेऊन डॅरन होता. तो पेनीचे सगळे व्यवहार बघायचा आणि सध्या त्याच्यावर एक फिल्म काढत होता.

"परत एकदा बांध, पेनी," डॅरन म्हणाला. "ऊन तोंडावर आलं नाही."

पेनीनं दोरी सोडली, उन्हाकडं तोंड केलं आणि चटई पुन्हा गुंडाळली. हालोती भट्टीतले दगड मोजल्यासारखा खाली बघत राहिला.

दुपारी माती दिली. माणसं परत आली. फणसाच्या झाडाखाली फिफिता कात्री घेऊन बसली. ती लेसिएलीच्या आत्याची मुलगी, त्या दिवशी सगळ्यांत मानाची बाई. तिच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"पेनी, ये बाळा. तुझे आधी. तिचा जीव तुझ्यात होता."

पेनी पुढं येऊन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. पेनीनं मान खाली घातली. मग ती वर केली आणि डॅरनकडं बघितलं. डॅरननं बोटानं चिमूटभर दाखवलं.

"फिफिताआत्या, एक बट घ्या," पेनी हळूच म्हणाला. "मागची, आतली. दिसणार नाही अशी. मोसम संपला की मी सगळे..."

"बट?" फिफितानं कात्री मांडीवर ठेवली. "मी काय इथं कोंबडीचं पीस उपटायला बसलेय?"

कुणी हसलं नाही. पेनीचं तोंड लाल झालं. लहानपणी काही फोडलं की व्हायचं, अगदी तस्सं. तेव्हा हे तोंड बघितलं की आक्का कुठूनही धावत यायची. आज यायला ती नव्हती. हालोती उठला.

"फिफिताताई, त्याला आग्रह करू नका." "त्याचे केस घेऊ नका म्हणून लेसिएलीआक्कानंच सांगितलंय. मला सांगून गेलीय ती."

पेनीनं बापाकडं बघितलं. खरंच का बाबा, असं तो विचारील म्हणून हालोती थांबला. पेनीनं विचारलं नाही. त्यानं सुटल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि मग ढसाढसा रडायला लागला. ते रडणं खरं होतं. डॅरन कॅमेरा घेऊन अगदी जवळ गेला, तेव्हा पेनी डोळे पुसत म्हणाला, "माझ्या आत्याची शेवटची इच्छा होती, की मी केस कापू नयेत. मी कुणी मोठा माणूस नाही. मरतानासुद्धा ती माझाच विचार करत होती."

शब्दन् शब्द खरा होता. हालोतीला तेच सोसेना.

तो गुपचूप फिफितासमोर जाऊन बसला. ती त्याच्यापेक्षा वरची, तिला त्याच्या डोक्याला हात लावायचा अधिकार होता. पांढरे केस चटईवर पडायला लागले.

"पोराची लाज राखायला चांगलं खोटं बोललास," ती कानाशी म्हणाली.

"खोटं नाही गं ताई. देवाशपथ. म्हणाली होती ती."

कात्री थांबली.

"म्हणजे ओळखून होती त्याला."

कात्री पुन्हा चालू झाली आणि डोकं पार भुंडं होईपर्यंत चालली.

"पेनी, वडिलांजवळ जा ना," डॅरन म्हणाला. "जवळ घे त्यांना. एवढं मिळालं की झालं आपलं."

पेनी मागून आला. गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे बापाच्या भुंड्या डोक्यावर ठेवले आणि वाकून टाळूचा मुका घेतला.

बायकांच्या तोंडून एकदम 'अगंबाई' निघालं. मानूच्या हातातली टोपली खाली आली. पेनीला ते ऐकू गेलं असेल किंवा नसेलही. तो डोळे मिटून होता, आणि डॅरन अंगठा वर करून 'झकास' म्हणत होता.

हालोती हलला नाही. लेकाचे हात ऊबदार होते. किती वर्षांनी त्याचा हात अंगाला लागत होता! त्यानंही डोळे मिटून घेतले, आणि उंबऱ्याकडून पावलं येतील, पोराच्या हातावर तो फटका बसेल, म्हणून वाट बघत तसाच बसून राहिला.