तिसऱ्यांदा उतरलेली बॅटरी

चावी फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ झालं. मास्तरांनी पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. बॅटरी नवीकोरी, आणि उतरायची ही तिसरी खेप! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच दाबायला शिकलं होतं आणि त्यांच्या शिव्या खाऊन ब्रेक. शिकवणं आता थांबलं होतं, पण सोमवारपासून नातीला शाळेत मीच सोडणार, असं त्यांनी मुलाला ठणकावून सांगितलं होतं. मुलगा फक्त “बघू” म्हणाला होता. ते ‘बघू’ मास्तरांच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. सोमवारी गाडी बंद निघाली, तर ते चिरंजीव जन्मभर बघूच म्हणणार होते.

त्यांनी पाना घेतला. आधी काळी वायर सोडवायची, मग लाल. हे ते झोपेतही चुकले नसते. तरी पाना दोनदा नटावरून घसरला आणि बोटाचं सालटं निघालं.

“नटसुद्धा धड दिला नाही मेल्यानं!” असं ओरडत त्यांनी बॅटरी पोटाशी धरली आणि कोपऱ्यावरचं दुकान गाठलं.

“नवीन म्हणून भंगार गळ्यात मारलंस माझ्या!”

दुकानदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं रात्रभर बॅटरी चार्जरवर ठेवली, सकाळी मीटर लावून तपासली आणि स्वतः येऊन गाडीत बसवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

“मास्तर, बॅटरी ठणठणीत आहे,” तो जाताना म्हणाला. “गाडीत काहीतरी चालू राहतंय. दिवे आठवणीनं बंद करता ना?”

“मला विचारतोस? दिव्याचं बटण कुठे असतं, ते तुला कोणी दाखवलं रे?”

पण त्यांच्या डोक्यात किडा शिरला. ते विसरणं शक्यच नव्हतं. म्हणजे कोणीतरी मुद्दाम करत होतं. शेजारी? त्याला त्यांची गाडी पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. आज त्याला रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून मास्तर रात्री जेवण झाल्यावर आडवे झाले आणि खोटं खोटं घोरू लागले.

थोड्या वेळानं शेजारची खाट करकरली. बायको उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. बराच वेळ झाला तरी परतली नाही, तसे मास्तर चपला न घालताच निघाले. गॅरेजचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते धाडकन उघडलं.

गाडीचे पुढचे दोन्ही दिवे भगभगत होते. त्या उजेडात उपड्या बादलीवर बसून त्यांची बायको मटार सोलत होती. मास्तर उठायच्या आत बॅटरी उतरवायची आणि दिवे बंद करून घरात यायचं, असा तिचा शिस्तशीर बेत होता.

“घरभेदी!” मास्तरांचा आवाज फाटला. “त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोललो! आणि तू इथे मटार सोलतेस?”

“मग काय करू? नुसती बसू?” तीही उसळली. “मोतीबिंदू दाखवा, दाखवा म्हणून माझ्या जिभेला फोड आले. मुलानं विषय काढला, तर त्याला भरल्या ताटावरून उठवलंत!”

“उभ्या जन्मात एक ओरखडा नाही माझ्या गाडीला!”

“त्या मंगळवारी आला असता.” ती उठली, तसे मांडीवरचे मटार घरंगळत सगळीकडे गेले. “बेकरीसमोर, पांढऱ्या पट्ट्यांवर मी होते. मधोमध, हात वर करून. तुम्ही आलात. ना ब्रेक, ना हॉर्न. मी मागे उडी मारली म्हणून वाचले. हातातलं दूध सांडलं. आणि घरी येऊन तुम्ही माझ्यावरच खेकसलात, दूध का आणलं नाहीस म्हणून!”

मास्तरांना तो मंगळवार आठवत होता. बेकरी आठवत होती, पट्टे आठवत होते. रस्ता मोकळा होता. कोणीही, कुणाचीही शपथ घ्यायला सांगितली असती, तरी त्यांनी घेतली असती की रस्ता मोकळा होता.

“शाळेच्या फाटकाशी पोरांची झुंबड असते,” ती म्हणाली. “शेजारी आपली नात बसलेली असेल. समोरचं तिला दिसेल, आणि तुम्हाला नाही.”

मास्तर वळले, पाय आपटत घरात गेले आणि त्यांनी मुलाला फोन लावला.

“काय बाबा, झाली का गाडी सुरू?”

“गाडीला काय धाड भरलीय? गाडी ठणठणीत आहे!” ते एवढ्या जोरात ओरडले, की गॅरेजमध्ये मटार वेचणारी बायको थांबली. “मला दिसत नाही! सोमवारी पोरीला तूच सोड. आणि शाळेपाशी सावकाश चालव, गाढवा. रस्त्यात माणसं असतात!”