मला हळदकुंकू लावू नका!

मित्रांनो, मी भेंडाचा एक म्हातारा गोळा आहे आणि आज मी भयंकर चिडलेलो आहे. बोराएवढा माझा जीव, पण राग म्हणाल तर कायम नाकाच्या शेंड्यावर. मला नाक नाही, ही गोष्ट वेगळी.

महाडच्या बाजारात साळूबाई बाशिंगे करायची. भेंड म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या एका झाडाचा पांढरा, हलका गाभा. तिच्याकडच्या भेंडाची बाशिंगे होऊन नवरदेवांच्या कपाळावर मिरवली. मला आणि माझ्या भावाला मात्र पोलादपूरकडच्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर दत्ताराम गुरुजी घेऊन गेले. त्यांनी आम्हाला पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली, रेशमी धाग्यांना बांधले आणि एकाच खुंटीला टांगले. काचेची दांडी रेशमी कापडावर घासून आम्हाला लावली, की दोघांवर सारखाच विद्युतभार यावा आणि आम्ही एकमेकांपासून दूर सरकावे. ते अंतर मोजून आमच्यातले बल काढायचे, यासाठीच आमचा जन्म. दोघांच्या भारांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग. वर्ग, मित्रांनो, वर्ग! निम्मी पोरे तो करायलाच विसरत आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पण विसरतील नाही तर काय? आम्हाला हलताना कुणी पाहिलेच नव्हते! "तुटेल, हात लावू नका," म्हणत गुरुजींनी आम्हाला कपाटात कोंडले आणि सगळे गणित फळ्यावर उरकले.

बाहेर काढत ते खंडेनवमीला. त्या दिवशी शेतकरी नांगर-कोयते पुजतात, तशी गुरुजी शाळेची उपकरणे पुजायचे. रेशमी सोवळे नेसून, ओल्या बोटाने तराजूला हळदकुंकू, भिंगाला हळदकुंकू, आम्हाला हळदकुंकू. आमच्या धाग्यांनासुद्धा! अहो, कोरड्या रेशमातून भार निसटत नाही, म्हणून तर रेशीम वापरायचे. त्याला ओले कुंकू फासले, की वाळल्यावरही तो डाग ओलावा धरतो आणि भार धाग्यावरून खुंटीत पळालाच म्हणून समजा. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते का? कळत होते हो! पण पूजेच्या वेळी पुस्तक मिटलेले असे.

एकसष्ट साली दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी तपासनीस साहेब येणार होते. अकरावीचा विज्ञानाचा वर्ग शाळेत ठेवायचा की बंद करायचा, हे ते ठरवणार होते. वर्गात एकच मुलगी होती, वरच्या वाडीच्या येसाजीची चंद्रा. वर्ग करायला कधीही न विसरणारी. येसाजीने तिला बजावले होते, "हितं वर्ग ऱ्हायला तर शिक. नाय तर माघात लगीन. महाडला एकटी पोर मी धाडनार नाय." तपासणीच्या दिवशी तो स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

चंद्राने दांडी घासली आणि आम्हाला लावली. आम्ही जरासे थरथरलो आणि पुन्हा एकमेकांना चिकटून लोंबू लागलो. तिने पुन्हा केले. तेच झाले. साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

"पोरीचा हात हलला असेल, साहेब," गुरुजी घाईने म्हणाले.

हात हलला? माझा नुसता संताप संताप झाला! चूक तुमच्या बोटाची आणि बोल त्या पोरीला? शरम नाही वाटत? पण मला तोंड असते तर ना!

चंद्रा वाकून धाग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, धाग्याला कुंकू हाय. भार तिथून निघून जातोय. दुसरं रेशीम पायजे."

घासायचे रेशमी कापड पूजेत चौरंगावर अंथरले होते. तेही लालभडक झालेले. चंद्राने इकडेतिकडे पाहिले. कचेरीच्या खुंटीवर गुरुजींचे धुतलेले सोवळे वाळत होते. तिची नजर तिथेच थांबली.

"छे छे! सोवळं आहे ते!" गुरुजी ओरडले.

"द्या हो गुरुजी," साहेब म्हणाले. "नाही तर मी शेरा लिहितो."

गुरुजींनी डोळे मिटले. चंद्राने काठातून दोन धागे ओढले, आम्हाला नीट पुसून त्यांना बांधले. काचेची दांडी उन्हात तापवून त्याच सोवळ्याने घासली. आणि काय सांगू, मित्रांनो! दांडी लागताच मी एका बाजूला आणि माझा भाऊ दुसऱ्या बाजूला! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच माझे काम करत होतो.

चंद्राने हात न लावता मागे पट्टी धरली. "अंतर सहा सेंटिमीटर. धागा पंचवीसचा, गोळ्याचं वजन पन्नास डाइन. निम्मं अंतर तीन, भागिले पंचवीस, गुणिले पन्नास, म्हंजे बल सहा डाइन. अंतराचा वर्ग छत्तीस. छत्तीस सक दोनशे सोळा. त्याचं वर्गमूळ तो एकेकाचा भार, साधारन पंधरा एकक."

"हेच भार ठेवून अंतर दुप्पट केलं तर?" साहेबांनी विचारले. "बल निम्मं?"

"चौथाई," चंद्रा म्हणाली.

साहेब हसले. "वर्ग चालू ठेवा, गुरुजी."

गुरुजींना इतका आनंद झाला, की त्यांनी धावत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, बोट पाण्यात बुडवले आणि ते थेट माझ्या धाग्याकडे नेले. पुन्हा! मी मनातल्या मनात किंचाळलो.

चंद्राने त्यांचे मनगट धरले.

"गुरुजी, पूजा नको. उद्या नववीच्या पोरांच्या हातात द्या त्यांना."

"गो चंद्रे!" येसाजी दारातून गरजला. "गुरुजींचा हात धरतेस?"

गुरुजींचे ओले बोट हवेत तसेच राहिले. मग त्यांनी करंडा येसाजीपुढे धरला. "घ्या. तुमच्या लेकीला लावा. तिचाच मान आहे."

येसाजीने धोतराला हात पुसला आणि चंद्राच्या कपाळावर कुंकू टेकवले. "माघातलं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शिक तू."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असे एखादे कुलूपबंद कपाट असेल. त्याला नमस्कार करू नका. किल्ली मागा. नाही दिली, तर भांडा!