दोन रेघांची सायकल

मित्रांनो, माझे वय विचारू नका. सीटच्या फाटक्या कातड्याकडे पाहा आणि काय तो अंदाज बांधा. मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. जाड टायर, रुंद हँडल आणि रंग एकेकाळी निळा.

कारखान्यातून मी एकटी बाहेर पडले, पण वाट्याला आले दोघींच्या. मामांनी दोन भाच्यांना मिळून एकच सायकल दिली. "दोन दिल्या असत्या तर दोघी दोन दिशांना गेल्या असत्या," असे त्यांनी चारचौघांत सांगितले. मामांचा हात जरा आखडता होता, हे आईने कोणालाच सांगितले नाही. फक्त त्या दिवशी मामांच्या चहात साखर कमी पडली.

थोरली उंच, धाकटी बुटकी. पहिला आठवडा माझी सीट वर-खाली होण्यातच गेला.

"ए ठेंगू, सीट कोणी हलवली?"

"मग काय शिडी लावून चढू, जिराफ?"

शेवटी आईने नखांना लावायच्या रंगाच्या दोन बाटल्या आणल्या आणि सीटच्या दांडीवर दोन रेघा ओढल्या. सीट उंच हवी तर लाल रेघ, ती थोरलीची. खाली हवी तर जांभळी, ती धाकटीची. "आपापल्या रेघेवर बसायचं. दुसरीच्या रेघेवर बसलेल्या दिसलात, तर सायकल महिनाभर कुलपात," असा निकाल देऊन आई कामाला निघून गेली. आई हाडाची न्यायाधीश होती. फक्त नोकरी टपाल कचेरीत होती.

घरामागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत, एक दगडमातीची वाट जात असे. काय वाट होती ती! झाडांची मुळे मध्येच आडवी पडलेली, वळणावर भुसभुशीत खडी, आणि अर्ध्यात एक गोल गुळगुळीत कातळ. त्याचे नाव मुलींनी 'मामाचं पोट' ठेवले होते.

सुरुवातीला थोरलीही त्या उतारावरून खाली आली होती. एकदाच. सीट अर्थातच लाल रेघेवर. मामाच्या पोटावर माझे पुढचे चाक खाली गेले, उंच सीटने तिला मागून ढकलले आणि बाई हँडलवरून थेट झुडपात. ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "उतरण्यात कसली आलीय मजा? गडगडत तर दगडही येतात. खरी कसोटी चढात."

धाकटीने ते खरे मानले. तेव्हापासून वाटणीच ठरली. थोरली मला टाकीपर्यंत चढवी, धाकटी पायऱ्यांनी वर येई. मग सीट जांभळ्या रेघेवर, आणि धाकटी ओरडत खाली! मुळांवरून टणाटण उड्या, खडीत मागच्या चाकाची शेपटी हलायची, वारा तारांतून शीळ घालायचा. तिच्याइतकीच मीही त्या क्षणांसाठी जगत होते. वरती थोरली टाळ्या वाजवी आणि एकटी पायऱ्या उतरे.

माझी स्तुती करणारे गल्लीभर होते, तेल घालणारी मात्र थोरलीच. आणि तिचे गुपितही मलाच ठाऊक होते. चढात मध्येच एवढासा उतार लागला, तरी तिची बोटे माझे ब्रेक आवळून धरत. बिचारी घाबरत होती. घाबरवत होती ती सीट, हे मी ओरडून सांगितले असते. पण देवाने मला नुसती घंटा दिली.

मग थोरली शिकायला परगावी निघाली. जायच्या आदल्या दिवशी धाकटी तापाने पडलेली. थोरली एकटीच मला टाकीपर्यंत घेऊन गेली, थोडा वेळ बसली आणि हाताने धरून खाली घेऊन आली. सीट तशीच लाल रेघेवर राहिली. मला टाकीपर्यंत चढवणारीच उरली नाही, म्हणून मागच्या खोलीत खिळ्यावर टांगले गेले. माझ्यावर छत्र्या लटकल्या, पिशव्या लटकल्या. दांडी आतल्या आत गंजून चिकटली.

बरीच वर्षे गेली. थोरली दातांची डॉक्टर झाली. दिवसभर लोकांना "घाबरू नका" म्हणायचे, हाच तिचा धंदा. धाकटीने स्वतःची नवी सायकल घेतली, पुढे-मागे स्प्रिंगवाली. आणि आई धाकटीकडे राहायला निघाली तेव्हा घर रिकामे करायला दोघी जमल्या. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

"ताई, हिला एकदा टाकीवर नेऊया?" धाकटी म्हणाली.

"गुडघा कुरकुरतो गं माझा. ढकलत नेईन."

धाकटी आपल्या स्प्रिंगवालीवरून वर आली. टाकीपाशी तिला हौस आली, शेवटचे मला तिनेच खाली न्यावे. दोघींनी सोबत आणलेले तेल दांडीत ओतले, सीटला लोंबकळल्या, शिव्याही दिल्या. आणि अचानक दांडी खर्रकन खाली घसरली. लाल रेघ आत गडप, जांभळी बरोबर तोंडाशी.

"घे, बस," थोरली म्हणाली.

"आणि माझी सायकल कोण आणणार? तुला झेपेल ती?"

"नको बाई. मग ही मी चालत आणते." पण उतारावर चालताना गुडघ्याने चार पावलांतच दगा दिला. सीट वर ओढून पाहिली, ती हलेना. थोरली नाइलाजाने बसली आणि थबकली.

"अगं ठेंगू... पाय टेकतायत माझे!"

"मग? जिराफाचे टेकणारच."

"तसं नाही गं. पडेन असं वाटतच नाहीये."

मित्रांनो, तिची बोटे ब्रेकवरून हळूहळू सैल झाली. मुळे आली, खडी आली, मामाचे पोट आले, आणि बाईंनी अशी किंकाळी फोडली की झाडावरचे पक्षी उडाले. खाली पोचल्यावर ती हसत होती की रडत होती, ते मला अजून सांगता येत नाही.

"इतकी वर्षं ही मजा तू एकटीने खाल्लीस?"

"तूच म्हणायचीस ना, कसोटी चढात!"

फाटकात आई उभी होती. तिने थोरलीकडे पाहिले, सीटकडे पाहिले.

"कोणाच्या रेघेवर बसलीस गं?"

थोरली खाली मान घालून म्हणाली, "जांभळ्या."

"मग सायकल महिनाभर कुलपात. आणि त्या भंगारवाल्याला सांगा, कुलपातली वस्तू देता येत नाही."

तो महिना केव्हाच उलटला. मी आता थोरलीच्या दवाखान्यामागे उभी असते आणि रविवारी उतार शोधायला जाते. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी खिळ्यावर असेल, तर तिला खाली घ्या, दांडीला तेल द्या. आणि एखादी वाट तुम्हाला नकोशी झाली असेल, तर वाटेला नावे ठेवण्याआधी एकदा सीट खाली करून पाहा.